तळव्यातला पैलवान

गिरिजाक्काचा हात पडला नाही असा गाल आमच्या घराण्यात नाही. माझ्या गालावर तो इतक्यांदा पडला, की माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी मध्यस्थाला "मुलगा एका बाजूनं जरा सुजल्यासारखा का दिसतो?" असं विचारलं होतं, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. गोष्ट खोटी आहे. सूज दोन्ही बाजूंना होती.

आमची मंडळी मूळची अक्कलकोटकडची. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि या दोन्ही भाषा संपल्या की हात. माया आली तरी पाठीत धपाटा, राग आला तरी धपाटा. कुठला कशाचा हे आवाजावरून ओळखायचं. या घरात माझा जन्म झाला आणि मी चपलांचं दुकान काढलं, म्हणजे मारायचं साधनच विकायला बसलो. माझ्या हातून मात्र आजवर झुरळाशिवाय कुणी मेलं नाही, आणि त्यातलंही एक नंतर चालू लागलं होतं.

गिरिजाक्का माझ्या थोरल्या काकांची मुलगी, माझ्याहून चांगलीच मोठी. मला ती कायम 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मोठ्या शहरांत शिकून, डॉक्टरेट घेऊन, तिथल्या साहेबांशी भांडून ती सोलापूरला परत आली. एका हॉस्पिटलच्या मागं, सिलिंडरच्या खोलीला लागून तिची प्रयोगशाळा होती. तिथं ती माणसाची कातडी तयार करायची.

हे वाक्य आमच्या घरात कुणालाच नीट पचलं नाही. काकू विचारायच्या, "लागली का गं कातडी?" जसं दही लागलं का विचारावं तसं. आणि खरं सांगायचं तर ते फार वेगळं नव्हतंही. ऑपरेशनमध्ये काढून टाकलेली कातडी ती बर्फाच्या डब्यातून आणायची, तिच्या पेशी सुट्या करायची. वाटीएवढ्या ताटलीत खाली जेलीसारखा थर, त्यात कातडीच्या तळातल्या पेशी. त्यावर वरच्या पेशींचा थर, आणि त्यांच्यात मधेमधे कातडीला रंग देणाऱ्या काळ्या पेशी. हे सगळं अंगाइतक्या उबेत ठेवायचं. आधी पातळ पोषणात बुडवून, मग वर उचलून, वरून हवा लागेल असं. हवा लागली की वरच्या पेशी मरतात, आणि मेल्या की त्यांचा एकावर एक चढून टणक पापुद्रा होतो.

"आपण एकमेकांना हात लावतो तो मेलेल्यांनाच लावतो रे तम्मा," ती म्हणायची. "जिती कातडी खाली असते. मार लागतो तो तिला."

आणि लगेच प्रात्यक्षिक.

ती शोधत होती ते हे : कातडीला रंग देणारी ही काळी पेशी एरवी शेजारणींच्या कमरेला धरून गुपचूप बसलेली असते. एखादे दिवशी ती बिघडते. शेजारणींचे हात झटकते, खालचा पातळ पडदा फाडते आणि आत घुसते. तिथून रक्तात. याला मेलॅनोमा म्हणतात. गोऱ्या लोकांना तो उन्हानं होतो असं पुस्तकं सांगतात. "पण आपल्या लोकांना तो तळव्याला निघतो," अक्का म्हणायची. "तळव्याला कधी ऊन लागलंय? उलटे चालतात का लोक?" याचं उत्तर तिला पुस्तकात सापडलं नव्हतं. म्हणून ती तळव्याची कातडी लावून, तिच्यात हा बिघाड पेरून, तो कुठल्या घटकेला पडदा फाडतो ते बघत बसायची.

त्यामुळं ती माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे. पायांकडे बघे. रविवारी माझ्या दुकानात येऊन पाटावर बसायची. गिऱ्हाइकानं चप्पल काढून पाय पुढं केला, की माझ्याआधी ती पाय धरायची आणि उलटा करायची.

एकदा माळशिरसकडचा एक ट्रकवाला आला. धिप्पाड गडी. अक्कानं त्याचा पाय धरल्यावर तो दचकला.

"अवो बाई, पायाला हात नका लावू. पाप लागंल मला."

"पाप मी बघून घेते. तळवा दाखव."

"सोडा की वो!"

अक्का सोडणाऱ्यातली नव्हती. तिनं टाच आणखी पिरगाळली आणि त्या गड्यानं, भीतीनं की गुदगुल्यांनी देव जाणे, सणसणीत लाथ हाणली. ती अक्काच्या तोंडावर बसली. मी काउंटरच्या मागं होतो. मी आणखी मागं गेलो. अक्का उठली, बाजूच्या चपलांच्या खोक्यात रक्ताची चूळ टाकली, तिच्याबरोबर पुढचा एक दात टाकला, आणि ओठ पुसत म्हणाली, "डाग साधा आहे. शाई लागलीय कुठली तरी. जा."

तो बिचारा रडकुंडीला येऊन दोन जोड घेऊन गेला. घासाघीसही केली नाही. दात असलेलं खोकं मात्र नंतर मला कधीच सापडलं नाही. माळशिरसला कुणाच्या घरी ते निघालं असेल तर आमचंच आहे.

लावायला साधी कातडी तिला कुठूनही मिळे, पण तळव्याची कातडी कोण देतं? ती एकाच वेळी मिळते : पाय कापतात तेव्हा. म्हणून पाय कापायचा असेल त्या माणसाच्या खाटेपाशी अक्का जायची आणि त्याचा तळवा मागायची. एवढं अवघड मागणं मागायला गोड जीभ लागते. तिच्याकडे ती नव्हती.

उजनीच्या पाणलोटाकडच्या एका गावातला माणूस ट्रॅक्टरखाली सापडला होता. गुडघ्याखाली हाडांचा भुगा. पाऊल तेवढं अखंड राहिलेलं. त्या दिवशी मी अक्काचा डबा घेऊन गेलो होतो, म्हणून समोरच होतो. तिनं आपल्या पद्धतीनं सरळ विचारलं. त्या माणसाची बायको सुमन खाटेच्या कडेला बसलेली. ती उठली, माझ्या हातातला डबा हिसकला आणि अक्काच्या डोक्यात घातला. झाकण उडालं. शेंगाची चटणी अक्काच्या केसांत आणि डाळ माझ्या सदऱ्यावर.

"पाय कापताय ते कापताय, वर सालटं बी काढता व्हय गं? माणूस हाय का बोकड?"

मी दाराकडे सरकलो. अक्कानं हात उचलला. मी डोळे मिटले. आवाज आला नाही म्हणून उघडले, तर अक्का खाली फरशीवर बसली होती, केसांतली चटणी तशीच, आणि सुमनला सांगत होती. कातडी कशी लावतात, काय पेरतात, काय बघतात. कुणाला मारलं नाही असं मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. सुमननं सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्ये जित्तं ऱ्हाईल व्हय?"

"राहील. काही दिवस तरी."

सुमन नवऱ्याकडे बघत राहिली. तो गुंगीत होता.

"घ्या मंग," ती म्हणाली. "त्येच्या पायातलं तेवढं तरी चालू ऱ्हाऊ द्या."

बाहेर आल्यावर अक्कानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "दार कुणासाठी धरून ठेवलं होतंस बे?"

आता बसूदादा. हा अक्काचा सख्खा थोरला भाऊ. तालमीतला पैलवान; मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळत नसे. गावजत्रांतून फड मारून आलेला, पुढं उतारवयात पोट सुटलेला, पण बुलडोझर जुना झाला तरी बुलडोझरच. अक्काला मारायचं धाडस जगात फक्त त्याच्यात होतं, आणि त्याला मारायचं फक्त तिच्यात. दोघांची लहानपणापासून झोंबी. हिनं त्याचं कपाळ फोडलं, त्यानं हिचं मनगट मोडलं, आणि दुसऱ्या कुणी त्यातल्या एकाकडे डोळे वटारले तर दोघं मिळून त्याला धुवायचे.

भाऊबीजेला आमच्याकडे बहीण भावाला तेल लावते. त्या सकाळी अक्का मागच्या अंगणात दादाला रगडत होती. मी दुसऱ्या पाटावर माझी पाळी येऊ नये म्हणून प्रार्थना करत होतो. खांदे झाले, पाठ झाली, पोटऱ्या झाल्या. ती टाचेशी आली आणि थांबली.

"हे काय?"

"बिब्बा," दादा म्हणाला.

टाचेखाली रुपयापेक्षा मोठा काळा डाग होता, कडेनं वेडावाकडा. आमच्याकडे पायात काटा मोडला, भोवरी झाली, भेग पडली, की बिब्बा. तो तापवून त्याचं तेल लावायचं. कातडी भाजते, काळी पडते, आणि महिना-पंधरा दिवसांत ते काळं साल निघून जातं. दादाला शेतात बाभळीचा काटा मोडला होता. बिब्बा लावला. काळं गेलं नाही, तर पुन्हा लावला. पुन्हा गेलं नाही, पुन्हा लावला. उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं. काळ्यावर काळं लावत गेला. खालचं काळं कुठलं आणि वरचं कुठलं, हे कुणाच्या बापाला कळणार?

अक्काला कळलं. तिनं बाजूची पाय घासायची वज्री उचलली आणि टाच खरवडायला लागली. वरचं साल निघालं. खालचं काळं तसंच. त्यातून रक्त आलं.

"उठ. हॉस्पिटलला."

"सणाच्या दिवशी? काटा आहे गं. आत राहिलाय तो कुजून बाहेर येईल."

"काटा नाही हा. उठ म्हणते ना बस्या."

"सोड."

पुढचं सांगायला मला आजही धाप लागते. तिनं त्याची टाच दोन्ही हातांनी धरली. त्यानं तांब्या फेकला. तो तिच्या भुवईवर लागला. रक्त आणि तेल एकत्र ओघळलं. ती त्याच्यावर पडली. दोघंही तेलानं माखलेले; धरावं तो हात सुटत होता, धरावं ती मान निसटत होती. साठीच्या आसपासचे ते दोन देह फरशीवरून घरंगळत बंबावर जाऊन आदळले. बंब कलंडला, कढत पाणी अंगणभर. काकू किंचाळत होत्या. मी पाटावर उभा राहून दोघांनाही कन्नडमध्ये समजावत होतो. शेवटी अक्का त्याच्या मांडीवर पाठमोरी बसली, टाच बगलेत दाबली, केसांत खोचलेलं पेन काढलं आणि त्या डागाभोवती रेघ ओढली.

"दोन आठवड्यांत बिब्ब्याचं उरलंसुरलं साल गळून पडेल. हे रेघेच्या बाहेर गेलं तर समज."

"चितपट केलंस गं," दादा खालून म्हणाला आणि दम लागेपर्यंत हसला.

हसला, पण गेला नाही. पैलवानाचा पाय सुरीखाली नाही, म्हणे. अक्का रोज त्याच्या दारात जाऊन शिव्या द्यायची. दार वाजवून वाजवून तिनं कडी मोडली. डाग रेघेच्या बाहेर गेला, आणि मग एके दुपारी तो तिच्या प्रयोगशाळेत आला. मी तिला बाभळीचे काटे द्यायला गेलो होतो. ते उकळून तिला तयार केलेल्या कातडीत टोचून बघायचे होते, जखमेनं काही बिघडतं का. नसरीन मॅडम, म्हणजे तिची तेव्हाची कामातली जोडीदारीण, काचेच्या कपाटात हात घालून बसल्या होत्या. दादा लंगडत आत आला. पायाला टॉवेल गुंडाळलेला, आणि मागं पायरीपासून रक्ताची वाट. त्यानं मुठीतला रुमाल टेबलावर आपटला.

"घे तुझा काटा. दाढीच्या वस्तऱ्यानं काढला. पेर आता तुझ्या कातडीत, आणि माझं दार सोड."

मी खुर्ची शोधत होतो. सापडायच्या आत जमिनीवर बसलो होतो. नसरीन मॅडमच्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं. अक्कानं उजव्या हातानं दादाच्या कानाखाली अशी ओढली की बाहेर सिलिंडर घेऊन चाललेली माणसं थांबली. आणि त्याच वेळी डाव्या हातानं रुमालातला टाचेचा काळा तुकडा उचलून औषधाच्या पाण्यात टाकला. दोन्ही एकाच दमात. हा हात आणि तो हात दोन वेगळ्या बायकांचे असावेत असं मला वाटलं.

निम्मा तुकडा तपासणीला गेला. तो मेलॅनोमाच होता, खोल गेलेला. निम्म्यातल्या पेशी तिनं जगवल्या. असल्या पेशी सहजासहजी मिळत नाहीत, मिळाल्या तर ताटलीत जगत नाहीत. दादाच्या जगल्या. "पैलवानाच्याच आहेत," नसरीन मॅडम म्हणाल्या, "खातात बी तशाच."

दादाची टाच काढली. मग जांघेतल्या गाठी काढल्या. मग पाऊल गेलं. ते आम्ही शेतात पुरलं, बाभळीपासून लांब. तिकडं प्रयोगशाळेत अक्कानं उजनीच्या त्या माणसाच्या तळव्यापासून लावलेल्या कातडीत दादाच्या पेशी सोडल्या होत्या. दादाला त्याची भारी उत्सुकता. खाटेवरून विचारायचा, "कुठं पोचला गं तुझा पैलवान?" शेवटी अक्कानं त्याला चाकाच्या खुर्चीत घालून तिथं नेलं. ढकलायला मी.

ताटलीतल्या कातडीचा पातळ काप काढून तिनं काचेवर ठेवला होता. दादानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"ही वरची," अक्का सांगत होती. "ही खालची. मधे ती बारीक रेघ, तो पडदा. काळे दिसतात ते तू."

दादानं डोळा काचेला आणखी दाबला. मग म्हणाला, "पट काढतोय की गं. खाली वाकून पायात घुसलाय."

"घुसलाय."

"शेजारच्यांनी धरला नाही?"

"धरतात रे. चारी बाजूंनी धरतात. सुरुवातीला तो हलतही नाही. मग हात झटकतो."

"माझ्यासारखा."

अक्कानं काच किंचित सरकवली.

"गिरिजे, भाऊबीजेलाच आलो असतो तर?"

मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. हिच्या जिभेला खोटं बोलायची सवय नाही, आता काय म्हणते कुणास ठाऊक.

"ठाऊक नाही," अक्का म्हणाली. "ताटलीतलं ताटलीत. माणसात कधी काय झालं ते मला सांगता येत नाही. तेच तर शोधतेय."

दादानं पुन्हा डोळा लावला. "मग शोध. सोडू नकोस ह्याला."

"सोडते का कधी?"

तो पुढच्या उन्हाळ्याच्या आत गेला. शेवटी रोग मेंदूत पोचला होता. बोलणं गेलं होतं, पण अक्का उशाशी आली की मूठ वळायचा.

आमच्यात माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. दादाला खड्ड्यात उतरवलं तेव्हा वरून कुणी तरी म्हणालं, "एक पाऊल नाही, मांडी कशी बसायची?" चर्चा सुरू झाली. एक जण वीट लावा म्हणाला, एक जण उशी. अक्का पदर खोचून खड्ड्यात उतरली. बायका उतरत नाहीत. तिला अडवायला कोण जाणार? तिनं त्याचा तुटका पाय खाली घेतला, धड पाय त्यावर घातला, पाठ मातीला टेकवली. "असा," ती म्हणाली. "कुस्तीआधी बसायचा तसा." मग सगळ्यांना ऐकू येईल अशी एक त्याच्या गालावर ठेवून दिली, आणि माझ्या हाताला धरून वर आली. माझा खांदा निखळायचा राहिला.

घरी येताना तिनं रस्त्यातच मला सांगितलं, "तम्मा, मी गेले की माझ्या तळव्यांची कातडी नसरीनला द्यायची. कागद करून ठेवलाय. पण कागद काय, कुणी पण फाडतं. तू उभा राहशील का?"

"राहीन," मी म्हणालो.

"पळणार नाहीस?"

"नाही."

"शपथ?" आणि हात वर. मी शपथ घेतली.

त्यानंतरची अक्का म्हणजे दादाच्या पेशींची वैरीण. त्यांच्यावर औषधं ओतायची, त्यांना उपाशी ठेवायची, शेजारच्या पेशी बदलून बघायची. काचेच्या कपाटापुढं बसून "ये बे बस्या, बघते तुला," असं चालायचं. "मी रोज भावाला मारते," ती सहज म्हणायची, "आणि रोज त्याला जेवायला घालते." नसरीन मॅडम तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कॉलेजात गेल्या होत्या. त्यांना ती फोन करून सांगायची, आज दादा किती वाढला.

मग तो दिवस आला. हॉस्पिटलमध्ये एक माणूस ऑपरेशननंतर दगावला. अक्काचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. नातेवाईक जमले, आवाज चढले, काचा फुटल्या. कुणाच्या तरी मोबाइलवर कुणी तरी टाकलेलं फिरत होतं, की मागच्या खोलीत मेलेल्यांची कातडी सोलून विकतात. अक्काच्या फ्रीजवर मोठ्या अक्षरांत 'मानवी त्वचा' लिहिलेलं होतंच. तिचं अक्षर सुंदर होतं.

मी डबा घेऊन निघालो होतो. पोचलो तेव्हा मागच्या अंगणात रॉड, विटा, खुर्च्या फिरत होत्या. उबेचं कपाट बाहेर ओढून त्यावर दगड घालत होते. आत ताटल्यांचा चुरा, पायाखाली कातड्यांचा चिखल. ज्या टाकीत दादाच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या, ती आडवी पडून पांढरा धूर ओकत होती. तिच्यातलं आता काहीही जगणार नव्हतं. दारात अक्का उभी. हातात लोखंडी स्टूल. पुढं येईल त्याच्यावर ते घालत होती. एकाचं कोपर फुटलं, एक जण पोट धरून बसला. आणि कुठून तरी वीट आली, तिच्या कानाच्या वर लागली. स्टूल पडलं.

मला वाटलं ती पडेल. ती आत गेली. आली तेव्हा एक हात छातीशी. गर्दीतून सरळ चालत माझ्या स्कूटरपाशी आली. रक्तानं माखलेली बाई बघून लोक बाजूला झाले, की तिच्या नजरेनं, ते मला सांगता येणार नाही. मी हेल्मेटच्या आत होतो.

"नसरीनकडे चल."

"अक्का, आधी डॉक्टर..."

"चल म्हणते ना बे."

मग कळलं. एक चपटी बाटली तिनं पोलक्याच्या आत, अंगाला लावून ठेवली होती. दादाच्या तेवढ्याच पेशी उरल्या होत्या. त्यांना अंगाची ऊब लागते. कपाट फुटलं होतं, म्हणून अंगच दिलं.

सोलापूरचे रस्ते कसे आहेत ते मी सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला ती मागून माझ्या पाठीत बुक्की मारत होती. "हळू बे, हिंदकळतोय तो." सिग्नलला थांबलो तर "थांबलास का? गार होईल." मी सिग्नल तोडला, आयुष्यात पहिल्यांदा. पोलिसानं शिट्टी मारली, अक्कानं त्याला कन्नडमध्ये काही तरी ऐकवलं. पुढं पुढं बुक्क्या हलक्या होत गेल्या. मला आपला आनंद, की खड्डे कमी झाले.

मागं बसता बसता अक्कानं फोन लावला होता; कॉलेजच्या पायऱ्यांवर नसरीन मॅडम वाट बघत होत्या. त्यांनी हात पुढं केला, तर अक्का म्हणाली, "हात गार आहे तुझा. कपाट उघडून ठेव. मीच ठेवते." आणि छातीवर तळवा दाबून, भिंतीला खांदा घासत ती त्या लांब बोळातून आत गेली. भिंतीवर तांबडा पट्टा उमटत गेला. पायात तिच्या माझ्याच दुकानातल्या चपला होत्या, एक कुठं तरी राहिली होती. चपलेचा पाय आणि अनवाणी पाय, असा आवाज येत राहिला. मग कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. त्याच्यानंतरचा आवाज ती पडल्याचा होता.

डोक्याच्या आत रक्त साठलं होतं. दुसऱ्या दिवशी गेली.

कागद होता, तरी घरात गिल्ला झाला. सोललेल्या पायांनी मातीत बसवायची का पोरीला, असं थोरले म्हणाले. कुणी तरी नसरीन मॅडमच्या अंगावर धावून गेलं. तेव्हा मी मधे उभा राहिलो आणि हात उगारला. तो कुणालाही लागला नाही. लागला असता तर कदाचित मीच पडलो असतो. पण आमच्या घराण्यात मी हात उगारतो हे दृश्य इतकं नवीन होतं, की सगळे ते बघत उभे राहिले, आणि तेवढ्यात काम झालं.

परवा नसरीन मॅडमचा फोन आला. बघायला या म्हणाल्या. अक्काच्या तळव्यापासून त्यांनी कातडी लावली होती. चांगली लागली होती, दाट. त्यात दादाच्या पेशी सोडल्या होत्या.

"लगेच काही समजू नका जी," त्या आधीच म्हणाल्या. "पहिले काही दिवस असंच दिसतं. पुढं तो खाली जाणारच. सगळ्यांत गेलाय."

मी डोळा लावला. खालचा थर. मधली ती बारीक रेघ. तिच्या वर, दाटीवाटीनं उभ्या असलेल्या पेशींत, काळे ठिपके. एकही खाली नव्हता. चहूबाजूंनी आवळून धरलेले, मान हलवायला जागा नाही असे.

आणि मी एकदम डोकं मागं घेतलं. खुर्ची सरकली, काचेच्या पेटीला कोपर लागलं.

"काय झालं भाईसाब?"

"काही नाही," मी गालावरचा हात काढत म्हणालो. "सवय आहे."